निळ्या रेघेची ताटली

"ही तुमची ताटली. निळ्या रेघेची," घरमालकीण म्हणाली. "तुमच्या धर्मात वेगळी लागते, असं तुमच्या मित्राने सांगितलं. आधी बोलायचं नाही का?"

बाई इंग्रज. मनाने साधी. तिला वाटलं, आपण माझा मान राखतोय.

मित्र म्हणजे नौपाड्यातल्या वकिलाचा मुलगा. मी कल्याणचा, बाप रेल्वेत खलाशी. सरकारी स्कॉलरशिपवर कापड रंगवायचं शिक्षण घ्यायला इंग्लंडात आलेलो. आठ महिने आम्ही एका खोलीत राहिलो, एका पातेल्यातला भात खाल्ला. माझं आडनाव गावावरून. त्याने जात विचारली नाही, मी सांगितली नाही.

मग बहिणीचं पत्र आलं. घरची पत्रं आम्ही एकमेकांना वाचून दाखवायचो. हे त्यानेच फोडलं. "दादा, आपण धर्म बदलला. बाबांनी घरातले देव खाडीत सोडले. आता आपण बौद्ध."

तो थांबला. पत्र माझ्या खाटेवर टाकलं. हातात दिलं नाही.

"म्हणजे तू त्यांच्यातला," म्हणाला. एवढंच.

हाच बियर प्यायचा. डुकराचं मांस खायचा. जानवं बोटीवरच काढून ट्रंकेत ठेवलेलं.

दोन महिने मी त्या ताटलीत जेवलो. भांडायची ताकद नव्हती. शाळेत पाण्यासाठी ओंजळ धरून उभा राहायचो. एवढा समुद्र ओलांडला, आणि परत तेच.

एका रविवारी जेवताना बाईने सहज विचारलं, "बुद्धाने असं का सांगितलं असेल हो?"

तो मान खाली घालून बटाटा कापत राहिला.

बापाने म्हातारपणी देव सोडले ते ह्यातून सुटायलाच. आणि हेच ह्याने आता बुद्धाच्या नावावर खपवलेलं!

"बुद्धाने नाही सांगितलं," मी म्हणालो. "माझ्या धर्मात कुणाची ताटली वेगळी नसते. ती ह्याला लागते." विटाळाला इंग्रजी शब्द सापडेना. "मी शिवलेलं ह्याला घाण वाटतं."

बाईचा चेहरा पडला. तो मराठीत पुटपुटला, "घरातलं बाहेर कशाला काढतोस?"

"कुणाच्या घरातलं? तुझ्या घरात मला कधी घेतलं होतं?"

उठलो. ताटली धुतली, सगळ्यांच्या ताटल्यांत ठेवली.

दोन दिवसांनी तो दुसरीकडे राहायला गेला. मला आनंद झाला नाही. नुसता थकवा. परत गेल्यावरही नोकरीत, चाळीत हेच असणार, माहीत होतं.

पण त्या दिवशी ठरवलं. यापुढे मी कोण ते मीच सांगणार. पहिल्या दिवशी, कुणी विचारायच्या आधी. ज्याला उठायचंय त्याने उठावं. मी जागा सोडणार नाही.