सुकीबायने पाहिलेला विस्तव

झरीच्या शाळेत मी बावीस वर्षं मास्तर होतो, त्यामुळे गावातले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडतात. पण २०१७ साली सुकीबाय पासपोर्टचा अर्ज घेऊन आली, तेव्हा मी चक्क हसलो. झरी आणि बोर्डी एवढंच जिचं जग, ती बाई इराणला निघाली होती. तिला माझं हसणं मुळीच आवडलं नाही. अर्ज पुढे सरकवून ती म्हणाली, लिहा.

बोर्डीच्या गुलबानू शेठाणीकडे ती तीस वर्षं कामाला होती. आधी वाडीत चिकू तोडायला, मग घरात. शेठाणी इराणी, म्हणजे अग्नीला मानणारी जरथोस्ती. तिचे आजोबा यज्द शहरातून इकडे आले होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला आणि डॉक्टरने सांगितलं की उरलीसुरली नजरही जाणार. तेव्हा म्हातारीने हट्टच धरला. यज्दच्या अग्यारीतला आतश, तो पवित्र अग्नी, पंधराशे वर्षं विझला नाही म्हणतात. नजर जाण्याआधी तो बघायचा. मुंबईच्या भाच्याला सवड नव्हती. राहता राहिली सुकीबाय.

तिकडे बायकांना अंग झाकून हिंडावं लागतं, म्हणून डहाणूच्या शिंप्याने दोघींना लांब कोट शिवले. कापड नेमकं शाळेच्या गणवेशाचं निघालं. आम्ही दोघी सातवीतल्या पोरींसारख्या दिसत होतो, असं सुकीबाय अजून सांगते.

यज्दला पोचल्यावर पहिल्या दिवशी सकाळी वाटाड्या त्यांना जुन्या शहरात घेऊन गेला. छपरांवर वारा धरून घरात सोडणारे उंच मनोरे होते, आणि तो त्यांचंच कौतुक करत होता. सुकीबायची नजर मात्र भिंतींवर. गल्लीच्या गल्ली माती आणि भुशाने लिंपलेली! तिने हात फिरवून पाहिला आणि लिंपण चांगलं आहे असा निकाल दिला. मातीच्या घरात राहतो म्हणून आम्हाला मागास म्हणतात, आणि इथे लोक तिकीट काढून मातीची घरं बघतात, याचा तिला फार आनंद झाला. मलाही झाला.

तिथून ते अग्यारीत गेले. दारापाशी येताच सुकीबायने शेठाणीच्या चपला काढून दिल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि पायरीवर बसली. आपल्याकडे अग्यारीत दुसऱ्या धर्माचं माणूस जात नाही. तीस वर्षं शेठाणी आत आणि सुकीबाय बाहेर, कधी तासभर, कधी दीड तास.

शेठाणी वाटाड्याचा हात धरून आत गेली आणि पाच मिनिटांत परत आली. तोंड उतरलेलं. अग्नी काचेमागे होता, काचेवर उजेड पडला होता, आणि तिला एक पिवळा डाग तेवढा दिसला. वाटाड्याने इमारतीची सगळी सनावळी ऐकवली, आग कशी आहे ते काही त्याला सांगता आलं नाही.

"सुकी, चाल आत," शेठाणी म्हणाली. "इथे कोन नाय अडवत. तुजा तिकीट काढलाय मी."

सुकीबाय जागची हलली नाही. ती घाबरली असेल असं मला वाटलं होतं. तर म्हणाली, घाबरते कशाला, मला राग आला होता. इतकी वर्षं उंबरा ओलांडू दिला नाही, आणि आता डोळे पाहिजेत म्हणून बोलावणं. मी असतो तर मीही उठलो नसतो.

शेठाणीने पुन्हा बोलावलं नाही. हाताने चाचपत ती खाली वाकली आणि सुकीबायच्या शेजारी पायरीवर बसली. एवढ्या वर्षांत ती अशी कधी बसली नव्हती. "मग मी पन नाय जात," म्हणाली. एवढ्या लांब येऊन ही म्हातारी खरंच न बघता परत जाणार, हे सुकीबायला त्या क्षणी कळलं. तिने तिला दंडाला धरून उठवलं आणि दोघी आत गेल्या.

जिचा जन्म चुलीपुढे गेला तिला आग काय शिकवायची! काचेपाशी उभी राहून ती सांगत गेली. भांडं धातूचं, कमरेएवढं उंच. लाकूड चांगलं वाळलेलं, धूर नाही. खालचा ओंडका आतपर्यंत लाल झालाय. वरचा आत्ताच ठेवलाय, त्याची साल तडकतेय. राख कडेला सारलेली आहे, म्हणजे विस्तव राखणारा माणूस कामाचा आहे. शेठाणी रडायला लागली. मग डोळे पुसून तिने विचारलं, इतकी वर्षं बाहेर बसून तुला काय वाटायचं?

"राग यायचा," सुकीबाय म्हणाली.

मग शेठाणीने माफी मागितली का, हे मी तिला तीनदा विचारलं. नाही मागितली. सुकीबायचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही. वाटाड्याला अजून बाजार दाखवायचा होता, मशीद दाखवायची होती. तो दोनदा बोलावून गेला. दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"आता?" शेठाणी विचारायची.

"आता वरचा लाकूड पेटला."