कुंदाचे मंगळवार

कुंदा गेल्याची बातमी मला वर्षाने दिली. आधी हेच सांगते, कारण मला अजून हेच पचलेलं नाही. सकाळी मी पोहे भिजत घातलेले, फोनवर वर्षाचं नाव दिसलं आणि नेहमीसारखी कपाळाला आठी पडली. "शालूताई, तुम्हाला कळलं ना?" म्हणाली. म्हणजे हिला कळलेलं होतं! तिकडे ठाण्याला, वर्तकनगरात बसून हिला कळलेलं, आणि मी इथे डोंबिवलीत, कोपरला कुंदाच्या मागच्या गल्लीत, खिडकीतून हाक मारली तर तिला ऐकू जाईल इतकी जवळ, ती मी पोहे भिजवत बसलेले. नंतर निखिल, कुंदाचा मुलगा, म्हणाला, "मावशी, आईच्या फोनवर शेवटचा नंबर वर्षामावशींचा होता, तोच लावला गेला. मला काही सुचतच नव्हतं गं." पोराचं काय चुकलं? आई झोपेतच गेलेली. पण शेवटचा नंबर वर्षाचा... आधी रडू आलं की राग, ते मला विचारू नका.

आम्ही शाळेपासूनच्या. डोंबिवलीतच एका बाकावर बसलो, डोंबिवलीतच लग्नं होऊन राहिलो. ती ठाण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिच्या हातून कधी परीक्षानळी फुटली नाही, आणि माझ्या घरात कपबशीचा सेट म्हणून कधी पुरा नसतो. तिच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू मी केले. तिचे यजमान गेले तेव्हा तेराव्यापर्यंत मी तिच्याकडे राहिले. तिला कारल्याची भाजी आवडत नाही, पण पाहुण्यांसमोर ती मुकाट खाते, हे तिच्या मुलालासुद्धा माहीत नव्हतं, मला होतं. हे सगळं का सांगतेय? कारण शोकसभेत वर्षा बोलायला उभी राहिली आणि "कुंदाताई आणि मी" असं सुरू केलं तेव्हा मी खुर्चीत नुसती जळत होते. कोण कुठली, काल आलेली, आयत्या पिठावर रेघोट्या ओढते.

आणि त्या दोघींची गाठ घालून दिली कुणी? मीच की! ठाण्याला साड्यांचा सेल होता म्हणून मी कुंदाला ओढत नेलेलं. शेजारच्या हॉलमध्ये विज्ञानाचं प्रदर्शन होतं, पाय दुखायला लागले म्हणून आम्ही तिथे पंख्याखाली बसायला शिरलो. टेबलावर पाटीएवढी एक काच उभी केलेली, सपाट, मागे काही नाही. पण वरचा दिवा लावला की आत शंख दिसायचा, आणि मान जरा तिरकी केली की त्याच शंखाची दुसरी बाजू. कुंदाने काचेच्या मागे हात घालून चाचपून बघितलं. मग परत बघितलं. टेबलामागे एक चष्मेवाली उभी होती. कोलशेतच्या एका कंपनीतून लवकर निवृत्ती घेतलेली आणि हे होलोग्राम घरीच छंद म्हणून बनवणारी. ती वर्षा. "फोटोत उजेड किती आला तेवढंच उमटतं, ह्यात तो कुठून आला तेही उमटतं," असं काहीतरी ती म्हणाली. मला ओ की ठो कळलं नाही. कुंदाला लगेच कळलं. मग त्या दोघी जे बोलायला लागल्या, ते हॉलवाला दिवे मालवायला आला तरी थांबेनात. तोवर सेल संपला होता आणि मी साडी न घेता घरी आले.

कुंदा तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. दोन महिन्यांत तिने मागच्या खोलीतला पलंग काढला आणि तिथे प्रयोगशाळा केली. कुणाच्या तरी ओट्याची उरलेली काळी फरशी आणली, तिच्याखाली स्कूटरच्या ट्यूबा अर्धवट हवा भरून ठेवल्या, म्हणजे जमिनीची थरथर वर पोचत नाही. वाळूने भरलेल्या डब्यांत आरसे रोवले, खिडक्यांना काळं कापड लावलं, आणि वर्षाने आपल्याकडचा जुना लेझर तिला देऊन टाकला. हे सगळं वर्षाच्या सल्ल्याने, बरं का. ह्या कामात अट एकच, लेझरचा उजेड काचेवर पडत असेपर्यंत काही म्हणजे काही हलता कामा नये. जे हलतं ते चित्रात येत नाही, त्याच्या जागी नुसतं काळं उमटतं. आता शेजारी पिठाची गिरणी, ती घुरघुरायला लागली की आमच्या कुंदाच्या भिंतीसुद्धा घुरघुरतात. गिरणी बंद फक्त मंगळवारी. म्हणून होलोग्राम मंगळवारी, आणि म्हणून वर्षाही मंगळवारी.

एकदा मलाही आत बसवलं. नाही असं नाही. कुंदाने स्टूल दिलं, बांगड्या काढायला लावल्या, "श्वास हळू घे गं" म्हणाली. मी पदर तोंडाला लावून बसले आणि ऐन वेळी मला हसू फुटलं. काच कोरी निघाली. "शाले, तू गप्प बसलीस तरी हलतेस गं," कुंदा म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. वर्षा हसली नाही. ती म्हणाली, "ह्या काचेच्या प्लेटा बाहेरून मागवाव्या लागतात, कुंदाताई." झालं! तेव्हापासून मंगळवारी मला मज्जाव. वर्षा मात्र बसायची, खांबासारखी, पापणी न हलवता. मला सांगा, हे काय कौतुक आहे? खांबाला कुणी मैत्रीण म्हणतं का? पण म्हणत होती कुंदा. बुधवारी माझ्याकडे चहाला आली की "वर्षा म्हणाली", "वर्षाने सुचवलं"... माझ्या पोटात इतकं दुखायचं की चहात आलं किसायचंही मी विसरायचे.

मग त्या मंगळवारचं सांगते. मी अळूवड्या केलेल्या. गरम आहेत तोवर द्याव्यात म्हणून डबा घेऊन गेले. कुंदाच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. वर्षाकडे नव्हती, हे लक्षात घ्या. दार उघडलं आणि हॉलमधूनच ओरडले, "कुंदे, अळूवड्या!" मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत काय झालं ते नंतर कळलं. कुंदा काचेमागे निरांजन आणि करंडा मांडत होती. लेझरसमोर पुठ्ठा आडवा धरून वर्षा बसलेली. ठरलेलं असं, की कुंदाने पंजा वर केला की वर्षाने पुठ्ठा उचलायचा. माझी हाक ऐकून कुंदाने पंजा वर केला. मी बोलायला लागले की ती शाळेपासून तसाच पंजा वर करते, थांब म्हणून! वर्षाला वाटलं, उचल. तिने उचलला. आता प्लेट वाया घालवायची नाही म्हणून कुंदा तशीच उभी राहिली, हात तिथेच ठेवून, जमेल तितका स्थिर.

धुऊन वाळवल्यावर काचेत निरांजन उमटलं, करंडा उमटला, सोनेरी, हिरवट, आणि त्यांच्यासमोर कुंदाचा पंजा. काळा. बोटं अगदी वेगवेगळी. जिवंत हात कितीही स्थिर धरला तरी थरथरतोच म्हणे. वर्षा म्हणाली, "गेली फुकट." मी म्हटलं, "फुकट कशी? मला थांब म्हणाली ना ती." "नाही हो, मला उचल म्हणाल्या," वर्षा म्हणाली. मग आमची तिथेच जुंपली. तो हात हिच्यासाठी होता की माझ्यासाठी, सांग कुंदे! कुंदाने दोघींकडे बघितलं, आणि अळूवडी खात राहिली. एक संपली, दुसरी घेतली. शेवटपर्यंत तिने सांगितलं नाही.

नंतर एकदा निखिलने आम्हा दोघींना बोलावलं. तो पुण्याला असतो, घर भाड्याने द्यायचं म्हणाला. "तुम्हाला दोघींना हवं ते घ्या, मला ह्यातलं काही कळत नाही." मी मनाशी ठरवून गेलेले. लेझर, आरसे, फरशी, सगळं त्या बाईला जाऊ दे, मला फक्त ती काच. फळीवर कितीतरी प्लेटा होत्या, स्वच्छ, सुरेख, शंख काय नि दागिने काय. वर्षाने एकीलाही हात लावला नाही. ती सरळ शेवटच्या फडताळापाशी गेली आणि तीच काच काढली. मी म्हटलं, "ती माझी आहे." ती म्हणाली, "शालूताई, मला दुसरं काही नको." निखिल बिचारा पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेला.

वर्षाने काच रुमालावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कापूया का? होलोग्रामचे दोन तुकडे केले तरी दोन्हींत अख्खं चित्र राहतं. बघायची खिडकी लहान होते तेवढीच. तुम्हालाही पूर्ण हात, मलाही पूर्ण हात." मी दोनदा विचारून खात्री केली. खरंच तसं असतं म्हणाली. माझ्या वाट्याचं काही कमी होणार नव्हतं. आणि तिथेच माझं डोकं फिरलं. अर्धी अर्धी वाटून घ्यायची असती ना, तर मी दिली असती, देवाशपथ. अर्धी कुंदा तिला द्यायला मी तयार होते, इतकी वर्षं तेच तर करत होते. पण तिला अख्खी? "नाही," मी म्हटलं.

तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुमच्याकडे बाकीचे सगळे वार होते हो. माझ्याकडे एक मंगळवार, आणि त्यातही कुंदाताई तुमच्याच गोष्टी सांगायच्या. शाली असं म्हणाली, शालीने तसं केलं. कान किटायचे माझे..." मी गप्प झाले. कुंदा असती तर म्हणाली असती, बघ, न हलता बसता येतं की तुला. तरी काच मी पिशवीत घातली. मला मोठं मन वगैरे काही नाही, आणि कुंदाला ते माहीत होतं.

चार दिवसांनी तिचा फोन आला, "बघायला येऊ का?" मी म्हटलं, "ये, पण बघायची ती माझ्याच घरी." आली. चहा दिला, आलं घालून. काच लहान, टॉर्चचा उजेड एकाच बाजूने लागतो, त्यामुळे डोक्याला डोकं लावूनच बघावं लागतं. पंजा दिसला. मी बघत राहिले. तर ही म्हणते, "शालूताई, जरा खालून डावीकडे बघा, बोटांमधून." मी मान वाकवली. बोटांच्या फटीतून मागचं निरांजन दिसत होतं, वातीसकट. इतके दिवस रोज बघतेय, मला हातामागे काही दिसतं हेच ठाऊक नव्हतं. हिला ठाऊक होतं! परत पोटात दुखलंच. "मला टॉर्च द्या, अजून एक जागा दाखवते," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "तू नुसतं सांग, कुठे धरू ते. टॉर्च मीच धरणार."