उभ्या इंजिनाचे तास

अशी जवळ सरक वं बाई, कागदातूनच तुहा कान धरतो. मेडशीले दिलं तुले, काही समुद्रापल्याड नाही. तुह्या सख्ख्या भाचीनं विमानाचे खोटे तास लिहिले, असं कोणी तरी सांगतलं आन तू ऐकून गप्प बसली? माहेरी एक फोन नाही? लेक हायेस माही, म्हणून रागावतो. आता मायच्या तोंडून सारं ऐक.

विमान चालवायचा परवाना असा सहज भेटत नाही. आधी ठरलेले तास उडा लागते. दर खेपेले किती उडलं ते शिकणाऱ्यानं आपल्या वहीत लिहायचं. मंग दिल्लीच्या मोठ्या हाफिसातले साहेब ते तास विमानाच्या नोंदीशी ताडून पाह्यतात. जुळलं तं परवाना. आपल्या पोरीचं जुळलं नाही.

काहून नाही जुळलं, ते सांगतो. तुह्या भावाचा ट्रॅक्टर लोकायच्या वावरात भाड्यानं जाते. त्याच्यावरचा तासाचा काटा इंजिन लावलं की फिरते, मंग ट्रॅक्टर चालो का बांधावर उभा राहो. लहानपणापासून पोरगीच तो काटा पाहून बापाले तास सांगे. बाप म्हणे, "इंजिन चालू, तं तास चालू." हे तिच्या हाडात मुरलं. विमानाचं तसं नाही म्हणतात. उडायसाठी म्हणून ते जागचं हललं की तास सुरू, येऊन थांबलं की बंद. आन ही एकटी उडे तवा इंजिन लावल्यापासून लिहे. जागेवर उभ्या उभ्या इंजिन तापवा लागे, तेही तिनं धरलं. वर्गात सांगतलं नसन का? सांगतलंच असन. पण जे आपल्याले येतेच असं वाटते, ते कोण कान देऊन ऐकते? शिकवणाऱ्या सरानं बी न पाहता सह्या ठोकल्या.

तपासणीत तिच्या एकटीच्या उडण्याच्या दर ओळीले थोडं थोडं जास्त निघालं. एखाद्या वेळी असतं तं चूक म्हणून सोडलं असतं. दरवेळी हाये, म्हणजे मुद्दाम केलं, असं साहेब म्हणते. परवाना अडवला आन खुलासा मागतला. तिनं खरं खरं लिहून देल्लं, ट्रॅक्टरचं सुदीक. अजून उत्तर नाही. खोटी ठरली तं पुन्हा विमानाले हात लावू देणार नाहीत तिले.

तुहा भाऊ तं येडा झाला. परवा जेवता जेवता म्हणे, "मी ट्रॅक्टर घेऊनच जातो दिल्लीले. साहेबाले काटा दाखवतो."

मी म्हणलं, "अर्ध्या वाटेत डिझेल सरन तुहं, आन पोलीस तुलेच आत टाकन."

एरवी हसला असता. ताट सरकवून उठला. "माय, मीच शिकवलं वं तिले," एवढंच बोलला.

गावाचं काय सांगू? पयले हेच लोक पोरीले लाडानं विचारत, "मॅडम, रिसोडच्या बाजारात कवा उतरवता विमान?" आता ती दिसली की बोलणंच बंद होते. चक्कीवर एक बाई मले म्हणे, "खोटे तास लिहिले म्हणे तुमच्या नातीनं?"

मले राग आला. म्हणलं, "तुह्या वावरात माहा लेक तास मोजते, तवा खोटे मोजते का वं?"

ती हासली. "आता तुमीच इचारलं म्हणून सांगतो, काकू. तुमचा लेक उभ्या ट्रॅक्टरचाही तास धरते."

पीठ घेतलं आन घरी आलो. तिचंही खोटं नव्हतं.

पोरगी घरीच हाये. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडते. ट्रॅक्टर सुरू झाला की कानावर उशी दाबते. बापानं ते पायलं. तवापासून तो ट्रॅक्टर गावाबाहेर उभा करते आन पायी घरी येते. मी जवळ बसलो तं मले म्हणे, "आजी, विमान जागेवर उभं असते तवा ते उडत नसते. एवढं साधं मले काहून नाही समजलं?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राह्यलो. मी देवाले बी काय मागू, ते समजून नाही राह्यलं. तास वाढवून दे म्हणू? तेच तं झालं.

ती रडत नाही, बाई, याचंच मले भेव वाटते. माह्यासमोर शहाणी बनते, "होईन सारं नीट" म्हणून मलेच समजावते. बापासमोर डोळा वर करत नाही. लहान होती तवा रुसली की तुह्याच मांडीत घुसून रडे. साहेबाचं उत्तर कवा येईन, काय येईन, आपल्या हाती नाही. ते यायच्या आधी तू ये. वाशीमले उतरजो, तठून आपल्या रिठदले काही ना काही गाडी भेटते. काही आणू नको, तिले काही इचारू नको. नुसती तिच्याजवळ बस. लवकर ये वं माय.