उरलेल्या पाच गोळ्या

मावशीला आजार असा काही नव्हताच, नुसता थकवा होता. आणि थकवा ही काय सांगायची गोष्ट आहे? तीस वर्षं लाँड्रीत उभ्यानं इस्त्री केलेली बाई थकणार नाही तर काय नाचणार? हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे पडदे, साहेबलोकांचे शर्ट, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. ती डावखुरी, म्हणून तिचं टेबल पार कोपऱ्यात, भिंतीला लागून. त्याला हात लावायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

त्या वर्षी घराचा जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायला लागली. पिशवी खाली ठेवायची, आणि वरून कुणी उतरलंच तर किल्ली शोधतेय असं दाखवायची. डावा हात खांद्यापासून भरून यायचा. इस्त्रीचाच हात तो, दुखणारच. छातीवर ओझं ठेवल्यासारखं व्हायचं, तो गॅस. मग जबडा ठणकायला लागला, तेव्हा ती दातांच्या डॉक्टरकडे जाऊन खालची एक दाढ काढून आली. दाढ किडकीच होती, त्या माणसाला बोल लावून उपयोग नाही. पण जबडा आपला ठणकतच राहिला, आणि जिना चढताना तर जास्तच.

"चुकीची काढली वाटतं," मावशी लेकीला म्हणाली.

"मग परत जा आणि शेजारची काढून घे," लेक म्हणाली. लेक बसवर कंडक्टर. घरी येईपर्यंत तिचा आवाजसुद्धा दमलेला असायचा. "बीपीची गोळी घेतेस ना?"

"घेते की."

घेत होती, पण डोकं दुखेल त्या दिवशी. डोकं दुखत नसताना गोळी घेणं म्हणजे कोऱ्या कपड्याला साबण लावणं, असं तिचं गणित होतं.

एका दुपारी चादरीची चौथी घडी घालताना तिचा हात थांबला. धुलाईच्या मशीनवरचा माणूस, ज्याला सगळे साबणराव म्हणायचे, तो ओला गठ्ठा घेऊन चालला होता. त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि तो तिथंच उभा राहिला.

"मावशी, केवढा घाम आलाय तुम्हाला."

"इथं कुणाला येत नाही?"

"गरम येतो. तुमचा गार आहे. वाफेसमोर उभं राहून गार घाम कसला?"

"पाणी पिते, बरं वाटेल."

"पाणी हॉस्पिटलात प्या. चादरींची गाडी तिकडंच निघालीय. चला, बसा गठ्ठ्यावर."

तर अशी मावशी हॉस्पिटलात पोचली, धुतलेल्या मालाबरोबर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून ईसीजी काढला. तो जवळजवळ सरळ आला. मावशी उठायलाच लागली. "बघा, काही नाही. माझं काम खोळंबलंय."

"झोपा. वडील आहेत का तुमचे?"

"बावन्नाव्या वर्षी गेले. जेवता जेवता. घास अडकला म्हणाले लोक."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. मग रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा घेतलं, ईसीजीही पुन्हा काढला. दुसऱ्या रक्तात झटक्याची खूण वाढलेली निघाली. म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा होत होती, मावशी पाणी पिऊन परत जायच्या गोष्टी करत होती तेव्हाच. साखरही वाढलेली निघाली. ती तर आजवर कुणी तपासलीच नव्हती.

मावशीला एवढंच सुचलं. अंगाखालच्या चादरीचा कोपरा चिमटीत धरून ती म्हणाली, "ही घडी माझी नाही. कोपऱ्याला कोपरा लागलेला नाही."

मनगटातून बारीक नळी घालून आतल्या नसांचं चित्र काढलं. एक नस एका जागी जवळजवळ बंद. डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं, "नसेच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर बसतो. बीपी, साखर, आणि वडिलांकडून आलेलं, तिघांनी मिळून बसवलाय. तो थर तडकला, तिथं रक्त गोठलं. आता स्टेंट टाकलाय, जाळीची नळी असते, तिनं वाट उघडी राहते."

"आणि दाढ?"

"दाढ बिचारी फुकट गेली. हृदयाचं दुखणं कधी जबड्यात येतं, कधी हातात, पाठीत. बायकांना कधी नुसता थकवाच येतो."

"मग तीस वर्षं मला झटकाच चाललाय म्हणायचा."

घरी येताना गोळ्यांची पिशवी सोबत आली. रक्त गोठू नये म्हणून दोन, चरबीची एक, बीपीची, साखरेची. लाँड्रीत प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी टाचतात आणि संध्याकाळी चिंध्या आणि कपडे जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. मावशीनं तसंच केलं. लेकीनं एकेका दिवसाच्या गोळ्या पुड्यांत बांधल्या, मावशीनं पुडीला तारखेची चिंधी टाचली.

दोन महिने गेले. बरं वाटायला लागलं, आणि हातांवर काळेनिळे डाग उठायला लागले. टेबलाची कड लागली की डाग, पिशवी घासली की डाग. मावशी ते डाग उजेडात धरून बघायची. हे तिला चांगलं ठाऊक होतं. डाग निघाल्यावरही घासत राहिलं की कापड विरतं, मग बोट लावलं तरी फाटतं. आतला डाग तर नळी टाकून निघाला. आता औषधानं आपलंच कापड विरतंय. तिनं रक्ताच्या दोन गोळ्यांतली एक पुडीतून काढून ठेवायला सुरुवात केली. कुणाला सांगितलं नाही. लेकीला कशाला त्रास?

रविवारी सकाळी लेकीनं पुड्या भरायला चहाचा रिकामा डबा घेतला. आत गोळ्या खुळखुळल्या.

"आई, पाच गोळ्या कशा उरल्या?"

"मोजताना चुकली असशील."

"तुझ्या लाँड्रीत गठ्ठ्यावर बसून लहानाची मोठी झालेय मी. एक मोजा सापडेना म्हणून तू मला अंधार पडेपर्यंत उपाशी बसवलं होतंस. माझी मोजणी चुकत नाही. चिंध्या सगळ्या सुटल्यात, आणि गोळ्या पाच उरल्यात. कधीपासून?"

मावशीनं बाही वर करून डाग दाखवले आणि कापडाचं सगळं सांगितलं. लेक ओरडली नाही. खालीच बसली, डबा मांडीवर घेऊन. "मला सकाळी सहाची ड्यूटी असते," ती म्हणाली. "वाटेत रोज वाटतं, मी परत येईन तेव्हा आई असेल ना. आणि तू कापड वाचवत होतीस."

त्याच सकाळी दोघी हॉस्पिटलात गेल्या. ईसीजी काढला, रक्त तपासलं. काही झालं नव्हतं.

"नशीब बलवत्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हसूही नव्हतं. "जाळी नवी आहे. तिच्यावर आतून पातळ कातडं चढायला वेळ लागतो. तोवर रक्त तिथंच गोठायला बघतं. ही गोळी वर्षभर, दुसरी कायमची. डाग वाढले, हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळी झाली, तर मला सांगायचं. आपल्या मनानं बंद करायचं नाही."

मावशीनं हातावरच्या डागांवरून बोट फिरवलं. "म्हणजे ठिगळ नुसतं टाचण्यांवर आहे. शिलाई पडायचीय अजून. आणि मी टाचण्या काढत होते."

"अगदी तसं."

"मग आधी असं सांगायचं होतं, बाई."

आता ती लाँड्रीत अर्धा दिवस जाते, बसून घड्या घालते. कोपऱ्यातल्या टेबलावर साबणराव इस्त्री करतो, कॉलर जाळतो आणि शिव्या खातो. खाण्यातलं मीठ गेलं, रोज संध्याकाळी चालणं आलं. त्याचाही कंटाळा येतो. थकवा काही पुरता गेलेला नाही.

परवा जिन्याच्या वळणावर तिनं पिशवी खाली ठेवली. वरून शेजारीण उतरत होती. "किल्ली सापडत नाही का, मावशी?"

मावशीचा हात सवयीनं पिशवीत गेला होता. तिनं तो बाहेर काढला.

"किल्ली आहे. दमलेय मी. जबडा नाही दुखत, छाती नाही दुखत, पण दमलेय. जरा थांबता का माझ्याजवळ?"

शेजारीण पायरीवर बसली. मावशीही बसली. श्वास जागेवर आल्यावर ती वर गेली, पुडीवरची चिंधी सोडली, सगळ्या गोळ्या घेतल्या. लेक आल्यावर तिला जिन्यातलंही सांगितलं, न विचारता.