पाणी शिंपडलेला पेपर

माझा पेपर हेडक्लार्कांनी हातात घेतला नाही.

"ठेव खाली."

फरशीवर ठेवला. त्यांनी तांब्यातलं पाणी घेऊन त्यावर शिंपडलं. महारवाड्याचा विटाळ गेला. शाईही गेली.

नगरच्या एका कचेरीत कारकुनाची जागा होती. परीक्षेला घोटाळ्यात पाडणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या वीस जोड्या, त्यांचे अर्थ मराठीत लिहायचे. मला पाठ! लष्कराच्या कॅम्पात गोऱ्यांची भांडी घासता घासता शिकलो होतो. 'डेझर्ट' म्हणजे वाळवंट, 'डिझर्ट' म्हणजे जेवणावरचं गोड. हा फरक उष्ट्या बश्यांनी शिकवला. 'लूस' म्हणजे सैल, 'लूझ' म्हणजे गमावणं; हा माझ्या विजारीनं आणि नशिबानं. आमच्या गावी, मिरजगावला, जाऊन मी इंग्रजी झाडली की चालते बैल थबकायचे. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा. बरेचसे मेले आता.

हेडक्लार्कांनी लांबूनच वाकून पाहिलं. कागदावर निळा चिखल.

"वाचता येत नाही. शून्य."

मागून एक कारकून हसला. "गोऱ्यांचं उष्टं खाऊन साहेब होता येत नसतं, बरं का!"

मीही हसलो. मला लागलं की मी आधी हसतो.

आबा, माझा बाप, दोन दिवस चालत आला होता. पोरगा कारकून झालेला बघायला. दारापासून दहा हात लांब उभा. त्यानं शून्य ऐकलं. मुंडासं काढून मातीत ठेवलं, हात जोडले.

"चुकलं पोराचं, मायबाप. माफी करा."

चुकलं? विसाच्या वीस बरोबर होत्या! जन्मभर मी थापा मारल्या. वाघाचे कान उपटल्याची थाप गावानं मानली. हे एवढं एकच खरं. ते कुणी मानलं नाही. आबानंही नाही.

मी मुंडासं उचललं, झटकलं, त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"आबा, माझं चुकलं न्हाई. त्यांनी पुसलं."

मग आत वळलो. "दुसरा कागद द्या. आत्ता लिहितो. पण खाली ठेवणार न्हाई. हातात घ्यायचा."

"हाकला याला!"

शिपायानं काठीनं ढकललं.

पुढं कधी आबानं तो विषय काढला नाही. पोरगं कुठंतरी चुकलं, असंच समजून तो मेला. हे माझ्या छातीतून अजून निघत नाही.

नंतर खूप अर्ज केले. प्रत्येक टेबलापुढं कागद धरून उभा राहिलो. "खाली ठेव" म्हणाले, की परत आणला. नोकऱ्या गेल्या. जाऊ देत. मी वाकणार नाही. घ्यायचा असेल तर हात पुढं करा.