यादी माझी होती

पाहुणा यायच्या आधी सामंतकाका त्याचं नाव दहा-बारा वेळा मोठ्यानं म्हणत. जागेवर बसून, डोळे मिटून, जपासारखं. नाव अरबी असो की अमेरिकन, आधी कुणाला तरी फोन करून उच्चार विचारून घ्यायचे, मग डायरीत देवनागरीत लिहायचे आणि घोकायचे. मी ऑफिसात रुजू झालो त्या सकाळी त्यांचं हेच चाललं होतं. मला वाटलं, म्हातारा पूजेला बसलाय.

आमचं ऑफिस म्हणजे अमेरिकन आणि अरब व्यापाऱ्यांना जवळ आणणाऱ्या एका चेंबर ऑफ कॉमर्सची दोह्यातली शाखा. तिकडून शिष्टमंडळं आणायची, इकडच्या घराण्यांशी गाठ घालून द्यायची, मेळावे आणि इफ्तार भरवायचे. मी नाशिकचा, एमबीए. सगळं काम एक्सेलमध्ये मावतं अशी माझी समजूत होती. काका वेंगुर्ल्याचे, साठीच्या आसपासचे. गेली पंचवीस वर्षं दोह्यात, आणि काकी गावी. हुद्दा ‘लिएझन असिस्टंट’. पण खरं काम त्यांच्याच जिवावर चाले.

“आदी माणूस, मागसून धंदो,” हे त्यांचं पालुपद. एकदा टेक्सासहून व्हॉल्व्ह बनवणारा एक गृहस्थ आला. रास लफानच्या गॅस प्रकल्पातल्या कामावर त्याचा डोळा होता आणि हातात तीन दिवस. काका त्याला शुक्रवारी लांब उत्तरेला अल रुवैसला, अबू राशिद नावाच्या बोटमालकाच्या मजलिशीत, म्हणजे घरच्या बैठकीत, जेवायला घेऊन गेले. बिचारा काहवा, ती अरबी कॉफी, पीतच राहिला, कारण पुरे झालं की रिकामा कप हलवायचा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आठव्या कपाला काकांनी त्याचं मनगट धरून हळूच हलवलं. मजलिस हसली, तोही हसला. त्या दिवशी धंद्याचा शब्द निघाला नाही. पण पुढे अबू राशिदांचा पुतण्या टेक्सासला शिकायला गेला, तेव्हा विमानतळावर त्याला घ्यायला या व्हॉल्व्हवाल्याची बायको उभी होती. करार त्यानंतर झाला. “सही काय, कोणय करता,” काका म्हणाले, “विमानतळार कोण येता, ता बघ.”

मी हसून मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, हे सगळं आता जुनं झालं.

वार्षिक मेळाव्याची यादी माझ्याकडे होती. व्यासपीठावरून ज्यांचे आभार मानायचे, त्या पाहुण्यांची. काकांनी दोनदा बजावलं, “यादी गेल्या वर्षीची आहे रे. एकेकाला फोन कर. ‘बरा असा मां?’ एवढंच विचार, सगळं कळतं.” मी “हो काका” म्हटलं. फोन एकही केला नाही. जुन्या फाइलवर नवी तारीख घातली आणि निवेदकाला पाठवून दिली.

हॉटेलचा हॉल भरला होता. निवेदकानं नावं वाचायला सुरुवात केली. “आणि आज आपल्यात उपस्थित असलेले आपले जुने स्नेही…” म्हणत त्यानं अबू राशिदांचं पूर्ण नाव घेतलं. अबू राशिद तीन महिन्यांपूर्वीच वारले होते. मी तेव्हा सुट्टीवर होतो. काका दुखवट्याचे तिन्ही दिवस त्यांच्या घरी जाऊन बसले होते. अरब टेबलांवर एकदम शांतता पसरली. अमेरिकन पाहुण्यांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या टेबलावरून त्यांचा मुलगा राशिद उठला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोघं.

सकाळी डायरेक्टरबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. “यादी कोणी केली?”

मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. आठवड्यापूर्वीच बायको आणि मुलगा दोह्याला आले होते. हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळदा दिलं. त्या क्षणी डोक्यात कारण नव्हतं, नुसती भीती होती.

“माझी, मॅडम,” काका म्हणाले. “विसरलो. वय झालं.”

लिफ्टमध्ये मी “काका, मी…” एवढंच म्हणालो. “गप रव,” ते म्हणाले. “तुझो झील आत्ता खंय शाळेत जावक लागलोहा.” आणि मी गप्प राहिलो. मला ते सोपं गेलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला ते अल रुवैसला गेले. गाडी मी चालवली, पण आत गेलो नाही. एसी लावून तासभर बसून राहिलो. मग काकांचा हात धरून राशिद बाहेर आला. डोळे दोघांचेही लाल होते. माझ्या खिडकीशी वाकून तो हिंदीत म्हणाला, “शुक्रन भाई. इतक्या लांब यांना घेऊन आलास. बुजुर्ग आहेत, सांभाळ यांना.” मी मान हलवली.

राशिदनं चेंबरशी संबंध तोडला नाही. काकांचा नोकरीचा करार मात्र पुढे वाढवला गेला नाही. निरोपाच्या वेळी बाई चांगलं बोलल्या, केक कापला. महिन्याभरात काकांचं काम माझ्याकडे आलं, मोठ्या हुद्द्यासकट. ते मी घेतलं.

दोन वर्षांनी, गेल्या पावसाळ्यानंतर, काका गेल्याचा फोन आला. त्यांना भेटायला म्हणून कधी गेलो नव्हतो. काकींना भेटायला वेंगुर्ल्याला गेलो. त्या पडवीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “तुमचा नाव लय काढीत. हुशार पोरगो म्हणत.” मग थोड्या वेळानं, “दोह्यातच इसराक लागले होते मां ते? त्या यादीचा झाला तेवाच माका कळला.”

यावेळी मी बोललो. यादी माझी होती, फोन मी केले नाहीत, काका काहीही विसरले नव्हते; सगळं सांगितलं.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढला नाही. “मी तेंका दोन वर्सां एकट्याक बाजारात जावक दिलंय नाय,” त्या म्हणाल्या. “इसारतत म्हणान. नातवाक तेंच्याबरोबर धाडूक नाय. वाण्याक, पोस्टातल्या मास्तराक सांगान ठेवलंय, हेंच्यार लक्ष ठेवा म्हणान. लोकां तेंका दोन-दोनदा सांगीत, ल्हान पोराक सांगतत तसा. आणि ते हसत. माका एका शब्दान सांगल्यानी नाय.”

मला वाटलं, आता जा म्हणतील. त्या उठल्या, चपला घातल्या. “चला,” म्हणाल्या.

आम्ही बाजारात गेलो. पहिलं दुकान वाण्याचं. चार गिऱ्हाईकं उभी होती. काकींनी मला पुढे केलं. “हे दोह्याचे. हेंका काय तरी सांगूचा आसा.”

वाण्यानं हातातलं माप खाली ठेवलं. मी सुरुवात केली, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना.

काकी बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, “मोठ्यान सांगा.”