छपरावरचं छप्पर

हमीद गेल्याचं त्याच्या मुलानं, इरफाननं, फोनवर सांगितलं तेव्हा मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एका गोदामाच्या कामावर उभा होतो. काही दिवसांपूर्वीच इस्पितळात त्याला भेटलो होतो. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोलताना धाप, आणि हा बाबा मला विचारतो, "बाळाराम, वरची फट उघडी हाय ना?" मी म्हटलं, "हाय." तेव्हा होतीही...

ही फट हमीदच्या भिवंडीतल्या लूमच्या कारखान्याच्या माथ्यावरची. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. त्यानं वडिलांचे लूम घेतले, मी बांधकामाची ठेकेदारी धरली. त्याचे वडील खोकून खोकूनच गेले, तेव्हापासून याच्या डोक्यात मोकळ्या हवेचं खूळ बसलं. कारखाना हाती येताच त्यानं माझ्याकडून भिंतीत मोठाल्या खिडक्या पाडून घेतल्या. आठवडा झाला नाही तोच कारागिरांनीच त्यांवर गोणपाट ठोकलं! हमीद तडकला, तर एक जुना कारागीर म्हणाला, "सेठ, हवा से ताना टूटता है. पगार तो मीटर पे है." खरंच होतं ते. वाऱ्यानं ताणा, म्हणजे लूमवरचे उभे धागे, सुकून तुटतो आणि कापड कमी निघतं. म्हणून तर अख्ख्या गावात कारखान्यांच्या खिडक्या बंद असायच्या. "मानसाला हवा लागते, ताण्याला चालत न्हाय," हमीद कपाळाला हात लावून म्हणाला, "आता तूच काय ते कर."

मग दोघांनी डोकं लढवून छपराचा माथा कापला आणि वर हातभर उंचीवर दुसरं लहान छप्पर बसवलं. गरम हवा, कापसाचे तंतू वरून निघून जायचे, ताण्याला झुळूक लागायची नाही. शेजारचे मालक तेव्हा हसले. कोरोनात तेच विचारायला आले, कसं केलंत म्हणून. हमीद भलताच खूश. त्याला वाटलं, आता सगळी गल्ली श्वास घेणार. कसलं काय! साथ ओसरली आणि गल्लीला आरोग्याचं निराळंच वेड लागलं. लूम भंगारात गेले, त्यांच्या जागी दवाखाने, जिम, तपासणी केंद्रं. सगळ्यांना बंद काचा आणि एसी. मधली मोकळी बोळ होती तिथं जनरेटर धूर सोडत बसलेत. मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही.

हमीदचेही लूम बंद पडले तेव्हा इरफाननं कारखाना तपासणी केंद्राला भाड्यानं द्यायचं ठरवलं. हमीदची एकच अट होती, माथा बुजवायचा नाही. हमीदचा चाळिसावा दिवस झाला आणि माथा बुजला. मी जाऊन भांडलो. "काका, वरून धूळ पडली तर रिपोर्ट चुकतात," इरफान म्हणाला. त्याचंही चूक नाही, त्यानंच तर डोकं जास्त फिरतं. हमीद असता तर दोघं मिळून काहीतरी तोड काढली असती. मला एकट्याला सुचत नाही.

मागच्या आठवड्यात माझा खोकला जाईना म्हणून डॉक्टरांनी तिथंच धाडलं. लूमच्या जागी पांढऱ्या खोल्या, मी पाडलेल्या खिडक्या पांढऱ्या फळ्यांमागे गडप, वर पांढरं खोटं छत, गारठा. तपासणीवाल्या मुलीनं नळी माझ्या तोंडाशी धरली. "खोल श्वास घ्या आजोबा, भरपूर हवा आत घ्या."

मी नळी बाजूला केली. म्हटलं, "पोरी, आधी खिडकी तरी उघड."

तिनं चारी भिंतींवर नजर फिरवली. "इथं खिडकी नाहीच, आजोबा."